तेरा वर्तुळं आणि एक निष्पक्ष

"अर्ध्या तासात त्याची जिरवतो," असं बायकोला बजावून दशांशरावांनी सोमवारी सकाळी डबा उचलला आणि ते नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी कामावर निघाले. जिरवायची होती साडूची. साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. धड भाऊ नाही, धड मित्र नाही. एकाच सासूच्या दोन जावयांना जन्मभर एकाच तराजूत बसवून ठेवायची ती सोय आहे, आणि दशांशरावांचं पारडं लग्नापासून वर लटकलेलं होतं. साडू हसतमुख, साडू सगळ्यांना मदत करणारा, साडू सासूबाईंना फोन करणारा. त्याच्या या प्रत्येक गुणाबरोबर दशांशरावांच्या पोटात वेगवेगळ्या ठिकाणी दुखायचं.

दशांशराव हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. ते त्यांना कारखान्यात पडलं. कारखाना दिव्यांच्या शेडचा. जाड कागदाचे आणि पातळ लाकडाचे तुकडे लेझरच्या मशीनवर कापायचे, खाचेत खाच अडकवायची, की शेड उभी. हे तुकडे कॉम्प्युटरवर आखायचं काम दशांशरावांचं. कुणी त्यांना "साधारण किती लांब?" असं विचारलं तर ते "एकशे सदतीस दशांश पाच" असं सांगत, आणि त्यात 'साधारण' काहीच नसे. खाच अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर शेड मान टाकते. नऊ वर्षांत त्यांच्या एकाही शेडने मान टाकली नव्हती.

आता त्यांचं गुपित सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषेवर बारीक ठिपके असतात. त्यांना नोड म्हणतात. नोड असेल तिथे रेष मोडता येते, वळवता येते, खाच पाडता येते. पण नवा नोड टाकायचा तर माऊसने अंदाजे क्लिक करायचं. कडेपासून बरोबर साडेबारा मिलिमीटरवर हवा, असं म्हणायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. दशांशरावांनी त्यावर तोड काढली होती. रेषेच्या टोकावर साडेबारा त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, ते रेषेला जिथे छेदेल तिथे नोड टाकायचा आणि वर्तुळ पुसायचं. एका कडेला तेरा खाचा, म्हणून तेरा वर्तुळं. ही युक्ती त्यांनी कुणालाही दाखवली नव्हती. स्क्रीन भिंतीकडे वळवलेला असे, आणि कुणी जवळ आलंच तर ते वर्तुळं पुसून हवामानाचं पान उघडून बसत. त्यांना हवामानाची फार आवड आहे, असं कारखान्यात सगळ्यांना वाटे.

एवढं असून घरी मात्र कौतुक शून्य. बायको शाळेत शिक्षिका. दर आठवड्याला चाळीस पोरांच्या वह्यांवर ती लाल शाईने 'शाब्बास' असा शेरा मारायची. त्या वह्या टेबलावर पडलेल्या असल्या की दशांशराव त्या उघडून बघत. भागाकार चुकलेल्या पोरालासुद्धा 'प्रयत्न छान, शाब्बास' मिळालेलं असे. चौदा वर्षांच्या संसारात दशांशरावांना एकदाही मिळालेलं नव्हतं. एकदा त्यांनी तसं बोलून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, वही आणा, बघते. त्यावर त्यांनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "बाकी चालू द्या," आणि ते गॅलरीत निघून गेले. भांडणात हरत आले की ते हेच म्हणत.

तर रविवारी दुपारी साडू सहकुटुंब आला. तोही आखणीतलाच, पण दारावरच्या पाट्यांच्या कारखान्यात. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, की सॉफ्टवेअरवाल्यांच्या सूचनांच्या पानावर एक सूचना लिहायचा विचार आहे. आकडा टाकला की नोड बरोबर त्याच जागी पडावा, असं एक टूल हवं.

दशांशरावांनी कप बशीत ठेवला. सात वर्षं ही तक्रार कोण करतंय? ते! साडूपुढेच शंभरदा केली असेल! आणि आता हा पठ्ठ्या ती सूचना स्वतःच्या नावावर टाकणार, आणि बायको त्याला बिस्किटांची बशी पुढे करत म्हणतेय, "किती छान कल्पना आहे हो." पाहुणे गेल्यावर ते तिला म्हणाले, ही कल्पना माझी आहे. ती म्हणाली, मग सात वर्षं लिहिली का नाहीत? म्हणूनच सोमवारी सकाळी ते वीस मिनिटं आधी निघाले.

सूचनांच्या पानाची रीत साधी होती. आपण लिहायचं, आवडलं तर लोक अंगठा देतात, आणि अंगठे जास्त झाले की सॉफ्टवेअरवाले लक्ष घालतात. दशांशराव लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीला अडले. टूल कशाला हवं हे सांगायचं, तर आत्ता काम कसं करता हे सांगावं लागणार. म्हणजे तेरा वर्तुळं जगजाहीर! दहा मिनिटं ते स्क्रीनकडे बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं: "रेषेवर ठरलेल्या जागी नोड टाकण्याचं टूल असावं. का असावं, हे धंद्याच्या कारणाने सांगता येत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

बुधवारपर्यंत त्यांना दोन अंगठे मिळाले. एक त्यांचाच होता. दुसरा अशा एका इसमाचा होता जो सगळ्यांनाच अंगठा देत होता. 'कॉम्प्युटर जांभळा असावा' या सूचनेलाही त्याने दिला होता. साडूची सूचना सोमवारी दुपारी आली, तिला बुधवारपर्यंत तीनशे बारा मिळाले.

तीनशे बारा हा आकडा दशांशरावांच्या डोळ्यांत खुपला तो खुपलाच. त्यांनी साडूची सूचना उघडली. पहिला परिच्छेद 'मी आणि माझं' असाच असणार, म्हणून तो सोडून दिला आणि दुसऱ्यापासून वाचायला घेतलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. सूचनेत भोकं होती! मोजायला सुरुवात रेषेच्या कुठल्या टोकाकडून करायची, तेच लिहिलेलं नव्हतं. हे तीनशे बारा लोक झोपेत अंगठे देत होते की काय?

पण स्वतःच्या नावाने खोडा घातला तर सासरी बोंब होईल. म्हणून त्यांनी दुसरं खातं काढायचं ठरवलं. 'हितचिंतक' हे नाव कुणीतरी घेतलेलं होतं. 'सत्यवादी' तर चौघांनी घेतलेलं होतं. शेवटी 'निष्पक्ष' मिळालं. निष्पक्षने पहिला आक्षेप लिहिला: "मोजायला सुरुवात कुठून, ते आधी ठरवा. नाहीतर एक कड डावीकडून मोजली जाईल, समोरची उजवीकडून, आणि वस्तू तिरकी उभी राहील. बाकी चालू द्या."

सूचना आता आडवी होणार, या खात्रीने ते जेवायला गेले. परत येऊन बघतात तो साडूचं उत्तर: "निष्पक्षजी, मनापासून आभार. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुरुवातीचं टोक निवडायची सोय सूचनेत घातली आहे." अंगठे चारशे.

दशांशरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी दुसरा आक्षेप काढला. रेष वळणाची असेल तर अंतर कसं मोजणार, वळणावरून दोरी टाकल्यासारखं की टोकापासून काठी धरल्यासारखं? दोन्हींचं उत्तर वेगळं येतं. साडूने पुन्हा आभार मानले आणि दोन्ही सोयी घातल्या. तिसरा आक्षेप टाकला, चौथा टाकला. प्रत्येक आक्षेप म्हणजे नऊ वर्षांच्या कामातलं एकेक दुखणं होतं, त्यामुळे तो अगदी नेमका बसायचा. आणि प्रत्येक आक्षेपानंतर साडूची सूचना आणखी बाळसं धरायची. पंधरा दिवसांत अकरा आक्षेप झाले आणि अंगठे दोन हजारांवर गेले. चुकून एका आक्षेपात तेरा वर्तुळंही त्यांच्या हातून लिहिली गेली, आकृतीसकट.

त्यानंतरच्या रविवारी साडू पुन्हा आला. येताना आनंद नुसता उतू जात होता. सॉफ्टवेअरवाल्यांनी टूल बनवायला घेतलं होतं. पण त्याच्या तोंडी एकच विषय: निष्पक्ष. काय अभ्यास, काय नजर! आपण तर काहीच केलं नाही, सगळं त्या माणसाचं.

"मीही वाचलं सगळं," बायको म्हणाली. ती गणित शिकवायची, त्यामुळे दोरी आणि काठीचा मुद्दा तिला भारीच आवडला होता. "किती सोपं करून सांगतो तो माणूस. अशा माणसाला खरं तर शाब्बास म्हणायला हवं."

चौदा वर्षं! चौदा वर्षं ज्या शब्दासाठी दशांशराव आसुसले होते, तो शब्द पंधरा दिवसांपूर्वी जन्माला आलेल्या एका उपटसुंभाने उचलून नेला! तो उपटसुंभ आपणच आहोत, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असून काही उपयोग होत नव्हता. साडूचा हेवा ही त्यांची जुनी सवयीची दुखापत होती, थंडीत गुडघा दुखावा तशी. हे नवं दुखणं मात्र सोसवेना. शाब्बास मिळालं ते निष्पक्षला. दशांशरावांना काय मिळालं? दोन अंगठे, आणि त्यातला एक जांभळ्या कॉम्प्युटरवाल्याचा.

गुरुवारी कारखान्यात बसल्या बसल्या त्यांचा बांध फुटला. त्यांनी 'दशांश' या स्वतःच्या खात्यावरून जाहीर लिहिलं: "निष्पक्ष नावाचे जे कुणी गृहस्थ इथे शहाणपण शिकवत आहेत, त्यांनी आयुष्यात एक तरी शेड उभी केली आहे काय? मला तर हा कागदी वाघ वाटतो." लिहून त्यांना फार मोकळं वाटलं. पण दहाच मिनिटांत लोक गोळा झाले आणि निष्पक्षने याला उत्तर द्यावं, अशी मागणी करू लागले. उत्तर दिलं नाही तर लोक निष्पक्षला भित्रा म्हणणार. आणि काही झालं तरी आपल्याला भित्रा म्हटलेलं दशांशरावांना खपत नसे. म्हणून त्यांनी निष्पक्ष होऊन उत्तर दिलं.

ते उत्तर इतकं शांत आणि मुद्देसूद उतरलं, की वाचून दशांशरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी आपल्या खात्यावरून पुन्हा हल्ला चढवला. निष्पक्षने पुन्हा तितक्याच सभ्यपणे परतवला. संध्याकाळपर्यंत अशा चार फेऱ्या झाल्या. चारही फेऱ्या निष्पक्षने जिंकल्या, एकमताने. शेवटी पानावर देखरेख करणाऱ्यांनी दशांशरावांचं खातं बंद केलं आणि कळवलं, की एका आदरणीय सदस्याचा अपमान केल्याबद्दल आपण त्यांची जाहीर माफी मागावी. त्यांनी ती स्वीकारली तरच खातं उघडेल.

या चार फेऱ्यांच्या मधल्या वेळात दशांशराव एका वाचनालयाची ऑर्डर आखत होते. चाळीस शेड. आखणी मशीनवर गेली, तुकडे कापले गेले, आणि शनिवारी सकाळी कामगारांनी शेड उभ्या करून फळीवर ओळीने मांडल्या. चाळीसही शेड उजवीकडे झुकल्या होत्या. शेजारच्या खोलीत कुणीतरी काहीतरी बोलतंय आणि या चाळीसजणी कान लावून ऐकतायत, असं ते दृश्य होतं.

मालकीणबाई आल्या. कारखाना त्यांनी एका खोलीतून वाढवलेला, त्यामुळे कागदाचा तुकडा हातात घेताच त्यांना आजार कळायचा. त्यांनी एक शेड उलगडली, दोन्ही कडा समोरासमोर धरून पाहिल्या. मग त्यांनी दशांशरावांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कॉम्प्युटर उघडा होता.

"हे ऐका," त्या म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. "मोजायला सुरुवात कुठून, ते आधी ठरवा. नाहीतर एक कड डावीकडून मोजली जाईल, समोरची उजवीकडून, आणि वस्तू तिरकी उभी राहील."

दशांशरावांना ते वाक्य ओळखीचं होतं.

"तीन आठवड्यांपूर्वी कुणी निष्पक्ष म्हणून माणूस हे लिहून गेलाय," मालकीणबाई म्हणाल्या. "आपल्याकडे काय होणार, ते जणू त्याने बघून ठेवलं होतं. आणि ही वर्तुळांची आकृती बघा. मशीनवरच्या पोरीला मी सकाळी दाखवली, तिने दहा मिनिटांत एक कड बरोबर आखून दिली. दशांशराव, मी ठरवलंय. या माणसाला शोधायचं आणि तुमच्या खुर्चीत बसवायचं. तुम्ही त्याच्या हाताखाली शिका."

दशांशरावांच्या पायाखालची जमीन सरकली. खिडकीजवळची ती खुर्ची नऊ वर्षं त्यांची होती. ती आता त्यांच्याकडून कोण घेणार होतं? तोच हलकट! घरी शाब्बास नेलं, इथे खुर्ची नेतोय! अभिमान, गुपित, सगळं एका क्षणात गिळून ते म्हणाले, "बाई, तो मीच आहे."

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही?" त्यांनी केबिनच्या काचेतून फळीकडे बघितलं. फळीवरच्या चाळीसजणी कान देऊन ऐकतच होत्या. "अहो, तुम्ही तर त्याला इथे सगळ्यांदेखत कागदी वाघ म्हणालात. चार वेळा भांडलात त्याच्याशी. आणि हरलात."

आता दाखवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दशांशरावांनी त्यांच्यासमोर निष्पक्षचं खातं उघडलं. मालकीणबाई आळीपाळीने कधी स्क्रीनकडे, कधी त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागवावं की हसावं, हे त्यांचं ठरेना. शेवटी त्या खुर्चीत मागे रेलून इतक्या हसल्या, की मशीनवरची पोरगी पाण्याचा पेला घेऊन धावत आली.

खुर्ची वाचली. चाळीस शेड सोमवारी नव्याने आखून द्यायच्या, हे ठरलं. आणि स्क्रीन भिंतीकडून फिरवून खोलीकडे करायचा, हेही ठरलं. "हवामान मी बघत जाईन," असं त्या जाता जाता म्हणाल्या.

रविवारी दशांशरावांनी बायकोला आणि साडूला समोर बसवलं, घसा खाकरला आणि सगळं कबूल केलं. ऐकून दोघं चकित होतील, निदान बायकोच्या हातून काहीतरी पडेल, अशी त्यांची कल्पना होती. बायको वह्या तपासत होती, ती तपासतच राहिली.

"मला पहिल्या दिवशीच कळलं," ती म्हणाली. "प्रत्येक आक्षेपाखाली 'बाकी चालू द्या' लिहिलेलं. जगात दुसरं कोण म्हणतं ते?"

साडूने नुसती मान खाली घातली. त्यालाही पहिल्याच दिवशी कळलं होतं. दशांशराव उसळले. मग इतके दिवस आभार कसले मानत होता, टर उडवत होता काय?

"नाही हो, दादा," साडू कधी नव्हे तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्हाला येतं ते मला येत नाही. पण सरळ विचारलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतंत का?"

दशांशरावांनी खरंच विचार केला. "नाही," ते म्हणाले.

"म्हणून मी आभार मानत गेलो. जितके मानले तितके तुम्ही लिहीत गेलात." त्याने फोनवर आपली सूचना उघडून त्यांच्यापुढे धरली. तोच पहिला परिच्छेद, जो त्यांनी कधी वाचला नव्हता. त्यात लिहिलं होतं: "ही कल्पना माझी नाही. माझे साडू सात वर्षं ही तक्रार करत आहेत. त्यांच्याइतकी अचूक आखणी करणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांना स्वतःबद्दल लिहायला आवडत नाही, म्हणून मी लिहितो आहे."

दशांशरावांनी ते दोनदा वाचलं. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. लाज वाटत असतानाच, हा माणूस लिहितो पण किती चांगलं, असा एक बारीकसा चिमटा पोटात बसला. पण तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. त्यांनी साडूच्या पाठीवर हात ठेवला. बायकोने तो हात बघितला आणि लाल पेन खाली ठेवलं.

"शाब्बास," ती म्हणाली.

दशांशरावांच्या छातीत काहीतरी फुललं. ते काही बोलणार, तेवढ्यात तिने वाक्य पुरं केलं. "शाब्बास निष्पक्षला म्हणतेय. त्याने काम केलं. तुमचं बघू. तुम्ही त्या बिचाऱ्याला चारचौघांत नको नको ते बोललात, आधी त्याची माफी मागा. खातं बंद पडलंय ना तुमचं?"

माफीच्या तीन ओळी लिहायला त्यांना एक तास लागला. "माझ्या लिहिण्याने निष्पक्ष यांचं मन दुखावलं असल्यास मी दिलगीर आहे," असं लिहून त्यांनी ती पाठवली. मग निष्पक्षचं खातं उघडलं. समोर चौकट आली: दशांश यांनी आपली माफी मागितली आहे. स्वीकारता का? खाली 'हो' आणि 'नाही'.

दशांशरावांनी माफी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

आतून बायकोने विचारलं, "झालं का हो? स्वीकारली का त्यांनी?"

"थांब जरा," दशांशराव म्हणाले. "'दुखावलं असल्यास' म्हणतोय. असल्यास म्हणजे काय? हा माणूस मनापासून बोलत नाहीये."